अप्रिय सत्य कोणाचे?

सत्य बोलावे, प्रिय बोलावे, पण अप्रिय सत्य बोलू नये, हे मनूचे वचन आपल्या समाजात इतके मुरलेले आहे की, ज्याने मनुस्मृतीचे पान कधी उलटले नाही असा मनुष्यही प्रसंग पडताच त्याचा आधार घेतो. आजाऱ्याला त्याचा आजार सांगावयाचा नाही, म्हाताऱ्या आईला मुलाची नोकरी गेल्याचे कळू द्यावयाचे नाही, हे सर्व या एका आधारावर चालते. त्याच श्लोकाचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. प्रिय असले तरी असत्य बोलू नये, असे मनूने तेथल्या तेथेच बजावले आहे. म्हणजे त्याने आपणांस मौनाची मुभा दिली आहे, थापेची नव्हे. अडचण एवढीच की, विचारणारे माणूस समोर बसून तोंडाकडे पाहत असते तेव्हा नुसत्या मौनाने भागत नाही. मौन हेच त्या वेळी एक उत्तर होऊन बसते.

तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र शिकविण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली. सत्यासत्याची चर्चा वर्गात मी इतक्या वेळा केली आहे की, ती झोपेतही करू शकेन. तरीही या प्रश्नाची खरी धग मला लागली ती एका अशा विषयामुळे, ज्याचा उच्चार आमच्या पिढीतील पुरुष माजघराच्या उंबऱ्याबाहेर करीत नसत. वयात येण्याचे वर्ष उलटून गेले तरी मुलीला पाळी येत नाही, असा तो विषय. साहित्याला वाहिलेल्या मासिकात तो कशाला, असे कोणी म्हणेल. रघुनाथराव कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढले तेव्हाही असेच म्हणणारे पुष्कळ होते, एवढे स्मरण देऊन पुढे जातो.

प्रथम आपल्या भाषेकडेच पाहा. मुलीला पहिली पाळी आली म्हणजे जुन्या बायका म्हणत, ‘पोर शहाणी झाली’. ‘तिला पदर आला’, ‘तिला न्हाण आले’ असेही म्हणत. मग मखरात बसविणे, ओटी भरणे, गोडधोड, आणि लग्न आधीच झालेले असले तर ऋतुशांती. पराशरस्मृतीच्या हिशेबात आठव्या वर्षाची गौरी, नवव्याची रोहिणी, दहाव्याची कन्या, आणि तेथून पुढे प्रत्येक मुलगी रजस्वलाच. मग तिला रजोदर्शन झालेले असो वा नसो. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन दहाची मर्यादा बारावर गेली, तेव्हा केवढे रण माजले! लोकमान्य टिळकांनी त्यास कडाडून विरोध केला, आणि विरोधकांच्या बाजूचा एक मोठा मुद्दा गर्भाधानसंस्काराचा होता : बारा वर्षांच्या आत जिला ऋतू प्राप्त होईल तिच्या संस्काराचे काय? त्या वादाचे बरेच वाङ्मय मी वाचले आहे. लवकर न्हाण येणाऱ्या मुलीची चिंता त्यात पानोपानी आहे. जिला ते येतच नाही अशा मुलीबद्दल एक ओळही माझ्या दृष्टीस पडली नाही. जिला पाळी येते ती शहाणी, तर जिला येत नाही ती कोण? भाषेत तिला नाव नाही. पुढे मला असे दिसून आले की, ज्या मुलीला भाषा ‘शहाणी’ म्हणत नाही तिला माणसेही शहाणी समजत नाहीत, आणि म्हणून तिला काही सांगतही नाहीत.

आमच्या जुन्या वैद्यांना ही स्थिती ठाऊक नव्हती असे मात्र नाही. चरक आणि सुश्रुत या दोघांनीही योनिव्यापदांच्या गणनेत ‘षंढी’ या नावाने अशा स्त्रीचे वर्णन केले आहे. सुश्रुताने तिचे आर्तव नसणे आणि स्तनांची वाढ न होणे ही लक्षणे दिली आहेत. चरकाने दोष बीजातच असतो असे सांगून ही स्थिती उपचारापलीकडची ठरविली आहे. ‘सूचीमुखी’ नावाचा जो प्रकार ते सांगतात त्यात मार्गच अरुंद असतो. दोष बीजात, की मार्गात, हा भेद त्यांनी ओळखला होता, ही गोष्ट लहान नाही. परंतु ‘षंढी’ हा शब्दच असा आहे की, तो कोणा मुलीच्या तोंडावर उच्चारावा असे कोणाच्याही मनात येणार नाही. सत्य झाकून ठेवण्याचा मोह कित्येकदा सत्याहून त्याच्या नावामुळेच अधिक होतो.

आता आजचे वैद्यकशास्त्र काय म्हणते ते थोडक्यात सांगतो, कारण हे कळल्यावाचून पुढचा नैतिक प्रश्न हवेत लोंबकळत राहील. मुलीच्या शरीराची बाकीची वाढ व्यवस्थित असून पंधरा वर्षे पुरी झाली तरी पाळी आली नाही, किंवा तेरा वर्षे पुरी होऊनही छातीची वाढ सुरूच झाली नाही, तर तपासणी करावी असा आजचा दंडक आहे. कित्येक मुलींच्या बाबतीत दोष म्हणावा असे काहीच नसते. आईला उशिरा आली तशी मुलीलाही येते, एवढेच. काहींच्या बाबतीत रक्त आत तयार होते, पण योनिपटल पूर्ण बंद असल्यामुळे बाहेर पडत नाही. अशा मुलीचे पोट दर महिन्याला दुखते, घरचे तिला ओवा आणि हिंग देत राहतात, आणि रक्त आत साठत जाते. लहानशा शस्त्रक्रियेने हे सारे संपते. मुलीचे दर महिन्याचे दुखणे कोणी नीट ऐकून घेतले असते तर ते पुष्कळ आधीच संपले असते, हे वेगळे. काहींच्या बाबतीत मेंदूकडून आणि त्याच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीकडून बीजांडकोशाला आज्ञाच पोहोचत नाही. फार उपासमार, अतिरेकी व्यायाम, दीर्घ दुखणे, मनाला बसलेला जबर धक्का यांनी असे होते. जेथे कारण दूर होते तेथे आज्ञाही पुन्हा सुटू लागतात. थायरॉइडचा बिघाड, पिट्युटरीवरची गाठ हीही कारणे असतात. आपल्या देशात आणखी एक कारण ध्यानात ठेवावे लागते. क्षयरोग फुप्फुसांतच राहतो असे नव्हे. तो गर्भाशयाच्या अस्तरापर्यंत पोहोचून त्याचा नाश करू शकतो.

यानंतर येतात ती कारणे जन्मजात. दर दोन-अडीच हजार मुलींत एखादीला एक एक्स गुणसूत्र पूर्णतः किंवा अंशतः नसते. अमेरिकेतील हेन्री टर्नर या वैद्याने १९३८ साली या मुलींचे वर्णन केले, आणि १९५९ साली गुणसूत्राची उणीव प्रत्यक्ष दिसून आली. या मुली उंचीला कमी असतात आणि त्यांचे बीजांडकोश बहुधा कामच करीत नाहीत. त्यांना इस्ट्रोजेन हे संप्रेरक अगदी अल्प मात्रेपासून सुरू करून दोन-तीन वर्षांत वाढवीत नेतात व पुढे प्रोजेस्टेरॉनची जोड देतात. हे केवळ पाळी दिसावी म्हणून नव्हे. इस्ट्रोजेनवाचून हाडे ठिसूळ होतात. त्यांच्या हृदयाची आणि महारोहिणीचीही तपासणी जन्मभर करीत राहावे लागते. दुसरा प्रकार, सुमारे पाच हजारांत एक, असा की, बीजांडकोश उत्तम, गुणसूत्रे इतर स्त्रियांसारखीच, बाह्य रूपात काही म्हणता काही उणे नाही. मात्र गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग गर्भावस्थेत घडलेलाच नसतो. मायर, रोकिटान्स्की, क्युस्टर आणि हाउझर या चार वैद्यांच्या नावांनी तो ओळखला जातो. तिसरा प्रकार याहून विरळा. गुणसूत्रे एक्स आणि वाय, पोटात वृषणग्रंथी, पण शरीराला त्या ग्रंथींच्या संप्रेरकाची भाषाच कळत नाही. म्हणून देह संपूर्ण स्त्रीचा घडतो, आणि वाढणारी ती मुलगी मुलगीच असते.

प्रश्न निर्माण होतो तो येथे. पटल बंद आहे, रक्त कमी आहे, असे सांगावयाला कोणाचीही जीभ अडखळत नाही. ती अडखळते या शेवटच्या प्रकारांत. का, तर येथे सांगावयाचे असते ते दुखण्याबद्दल नव्हे, तर त्या मुलीने पुढे काय होणार म्हणून जे गृहीत धरलेले असते त्याबद्दल.

२०१४ च्या पावसाळ्यात माझी चुलत बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, धाकट्या मुलीला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी सतरा वर्षांची, बारावीत शिकणारी, घरात सर्वांत उंच. जिल्ह्याच्या गावी तपासण्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी मुलीला बाहेरच्या बाकावर बसवून आईबापांना काही सांगितले होते. ते दोघांनाही नीट समजले नव्हते, किंवा समजले असून मनाने घेतले नव्हते. फाइल इंग्रजीत होती. मी इंग्रजी शिकलेला, म्हणून ती माझ्या हाती आली. तीन पाने. दोन्ही बीजांडकोश व्यवस्थित, गुणसूत्रे ४६ एक्सएक्स, गर्भाशय दिसत नाही. माजघरात बसून मी ते आक्काला मराठीत सांगितले. ती रडली नाही. बराच वेळ लुगड्याच्या काठावरचा दोरा ओढीत बसली. मग म्हणाली, “तू प्रोफेसर आहेस ना? मग तूच सांग तिला. पण हे नको सांगूस. अशक्तपणा आहे म्हण. लग्नाची पोर आहे रे.”

मी तसे सांगितले. पडवीत मुलगी बसली होती, तिने विचारले, “मामा, काय लिहिलंय त्यात?” आणि मी, सत्य या विषयावर इतकी वर्षे व्याख्याने देणारा मनुष्य, म्हणालो की, रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्याव्या लागतील, एकदा अंगात रक्त भरले की सगळे सुरळीत होईल. ‘होईल’ हे क्रियापद मी वापरले, हे मला आजही नेमके आठवते. नुसते गप्प बसलो असतो तर मनूचा आधार तरी मिळाला असता. मी तिला एक भविष्यकाळ दिला, आणि तो खोटा होता.

त्या वेळी मनाची समजूत घालण्यासाठी माझ्यापाशी आधारांची वाण नव्हती. असत्य हे औषधासारखे असून ते वापरण्याचा अधिकार वैद्यांनाच असावा, इतरांनी त्याला हात लावू नये, असे प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात सॉक्रेटिसाच्या तोंडून वदविले आहे. कर्णपर्वातला कौशिक ब्राह्मण तर घरचाच. सत्यवचनाचे व्रत घेतलेला हा तपस्वी. चोरांच्या भीतीने काही माणसे रानात लपली. चोरांनी येऊन विचारले, आणि याने व्रत मोडू नये म्हणून त्यांची वाट दाखविली. माणसे मारली गेली, आणि कौशिक नरकात गेला, असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो. याच्या अगदी उलट मत कांटने १७९७ च्या आपल्या निबंधात मांडले : खुनी मनुष्य दाराशी येऊन तुमचा मित्र आत आहे काय असे विचारू लागला आणि उत्तर टाळणे शक्य नसले, तरीही तुम्ही खोटे बोलता कामा नये. हे दोन उतारे मी वर्षानुवर्षे समोरासमोर ठेवून शिकवीत आलो. विद्यार्थी बहुधा श्रीकृष्णाच्या बाजूने मत देत, आणि मीही. कांटची बाजू घेणारा एखादाच निघे, आणि तो परीक्षेत पहिला येण्याच्या खटपटीत असे.

पण या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे ते मला इतक्या वर्षांत दिसले नव्हते. चोर आणि खुनी हे दोघेही विचारतात ते दुसऱ्याविषयी. ज्याच्याविषयी सत्य आहे तो लपलेला आहे, आणि ज्याला त्याचा काही अधिकार नाही तो ते मागत आहे. माझ्या पडवीतली गोष्ट नेमकी उलटी होती. तेथे विचारणारी मुलगी स्वतःच्या शरीराविषयी विचारीत होती, आणि ते सत्य आम्ही तिच्यावाचून इतर सर्वांना दिलेले होते : आईला, बापाला, मामाला, आणि मागाहून कळले की, तिच्या एका काकूलाही. कौशिकाने अनधिकाऱ्याला सत्य दिले म्हणून तो नरकात गेला. आम्ही अनधिकाऱ्यांना दिले ते दिलेच, वर अधिकारी व्यक्तीला नाकारले. सत्य बोलावे की नाही, एवढाच प्रश्न मी जन्मभर वर्गात विचारीत आलो. ते सत्य कोणाचे, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

हा केवळ आमच्या अडाणीपणाचा दोष आहे असे समजण्याचे कारण नाही. एक्स आणि वाय गुणसूत्रे असलेल्या ज्या स्त्रियांचा उल्लेख वर आला, त्यांना पाश्चात्त्य देशांतील नामांकित डॉक्टरही कित्येक दशके हेच सांगत आले की, तुमचे बीजांडकोश सदोष होते, पुढे कर्करोग होऊ नये म्हणून ते काढून टाकले. कॅनडाच्या वैद्यकसंघाच्या नियतकालिकात १९९६ साली एका वैद्यकीय विद्यार्थिनीचा पारितोषिक मिळविलेला निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा मथितार्थ असा की, रुग्ण स्त्रीपासून गुणसूत्रांची गोष्ट राखून ठेवणारा डॉक्टर खोटे बोलत नाही, तो फक्त तिचा तसा समज राहू देतो. वाचकांना धर्मराजाची आठवण झालीच असेल. ‘नरो वा कुंजरो वा’ म्हणणारा युधिष्ठिरही शब्दाने खोटे बोललाच नव्हता. तरीही जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला तो टेकलाच. त्या निबंधाला उत्तर दिले ते प्रत्यक्ष त्याच स्थितीत जन्मलेल्या स्त्रियांनी, आणि तेही स्वतःच्या नावानिशी पत्रे लिहून. त्यांतली एक वैद्यकीय ग्रंथालयात पुस्तके चाळता चाळता एकटीच आपल्या स्थितीच्या नावापर्यंत पोहोचली होती. सत्य कडवट होते हे त्या नाकारीत नव्हत्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, ते त्यांना कळल्यावाचून राहिले नाही. कळले तेव्हा मात्र जवळ कोणी नव्हते.

यापेक्षाही क्रूर रीतीने ते कळू शकते. स्पेनची अडथळ्यांची शर्यत धावणारी खेळाडू मारिया होसे मार्तीनेस पातिन्यो हिला १९८५ साली जपानमधील कोबे येथे, जागतिक विद्यापीठ स्पर्धांच्या वेळी, गालाच्या आतल्या पेशींच्या चाचणीने ते कळले. पुढच्या वर्षी ती राष्ट्रीय स्पर्धेत धावली आणि सगळे प्रकरण वर्तमानपत्रांत आले. शिष्यवृत्ती गेली, विक्रम खोडले गेले, ज्याच्याशी विवाह ठरला होता तोही गेला. १९८८ साली तिला पुन्हा स्पर्धेत घेण्यात आले. पण स्वतःच्या देहाची गोष्ट तिने परक्यांच्या तोंडून ऐकली ती ऐकलीच.

आमच्या घरी ती वर्तमानपत्रातूनच आली. २०१७ च्या मे महिन्यात पुण्यात भारतातले पहिले गर्भाशयरोपण झाले. आईचे गर्भाशय काढून ते मुलीच्या पोटात बसविण्यात आले, आणि त्या वृत्ताबरोबरच गर्भाशयावाचून जन्मलेल्या मुलींची माहितीही छापून आली. स्वीडनमध्ये अशा रोपणानंतरचे पहिले मूल २०१४ साली जन्मलेले होते. पुण्यात ते २०१८ च्या ऑक्टोबरात जन्मले. माझी भाची तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने ते सदर वाचले, आणि सारी लक्षणे आपलीच आहेत हे ओळखून दुपारी घरात कोणी नसताना लोखंडी कपाट उघडले. तीन वर्षांत तिचेही इंग्रजी माझ्या त्या दिवसाच्या भाषांतरापुरते झालेले होते. संध्याकाळी तिचा फोन आला. ती रागावली नाही. “मामा, तुम्हाला ठाऊक होतं ना?” एवढेच तिने विचारले. आणि मग, थोडे थांबून, “मी दर महिन्याला वाट बघत होते.”

छत्तीस महिने. मी ज्याला दया समजत होतो तिचा हा हिशेब होता. आक्काला भीती होती ती मुलगी खचेल, जिवाचे काही बरेवाईट करील याची. ती भीती मी थट्टेवारी नेणार नाही, अशा घटना घडतात. पण दर महिन्याला आशा करावयाची, दर महिन्याला आपल्यातच काही खोट आहे असे समजावयाचे, आणि कारण कोणाला विचारावयाचे नाही, हे खचणे नव्हे काय? आम्ही तिचे दुःख वाचविले नव्हते. दुःख होतेच, त्याला नाव तेवढे दिले नव्हते.

शिवाय व्यवहाराचे नुकसान झाले ते वेगळेच. या स्थितीत जन्मलेल्या पुष्कळ मुलींच्या मूत्रपिंडांच्या रचनेतही फरक असतो; एखादीला एकच मूत्रपिंड असते. ते पाहून ठेवावे लागते. योनिमार्ग अपुरा असला तर बहुधा शस्त्रक्रियाही लागत नाही. साध्या साधनांनी, क्रमाक्रमाने, काही महिन्यांत तो पुरेसा होतो. परंतु तो उपचार करणारी ती मुलगीच असते, आणि जिला काही ठाऊक नाही ती तो करणार कसा? लोहाच्या गोळ्यांनी जगातली कोणतीही मात्रा गर्भाशय घडवीत नाही. हाच आक्षेप मी त्या डॉक्टरांवरही घेतो, जे मुळाशी न जाता संप्रेरकांच्या गोळ्या देऊन ‘पाहू काय होते ते’ म्हणतात.

लग्नाची गोष्ट निघते तेथे तर लपवालपवीचे समर्थन अगदीच कोसळते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याप्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळविली असेल तर तो विवाह न्यायालयाकडून रद्द करून घेता येतो. केवळ अपत्य होणार नाही हे त्या कायद्यात विवाह रद्द होण्याचे कारण नाही; फसवणूक हे आहे. म्हणजे जी गोष्ट उघड सांगितली असती तर कायद्याने तिच्या संसाराला धक्का लागला नसता, तीच लपविल्यामुळे तो मोडू शकतो; आणि तोही अशा फसवणुकीपायी, जी तिने केलेलीच नाही. आईबापांनी केलेल्या अपराधाची शिक्षा मुलीने भोगावी, ही मायेची कोणती रीत?

‘पण पंधरा वर्षांच्या पोरीला हे सगळे एकदम सांगावयाचे काय?’ असे आक्का मला पुढे एकदा म्हणाली. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला मी बराच काळ उत्तर शोधीत होतो. मला सुचलेले उत्तर असे : थोडे सांगणे आणि खोटे सांगणे यांत जातीचा भेद आहे. आज सांगितलेले उद्या परत घ्यावे लागू नये, ही त्याची कसोटी. ‘तुझ्या शरीरात एक अवयव घडलेला नाही, म्हणून पाळी येणार नाही, तुझी तब्येत चांगली आहे, याविषयी आणखी पुष्कळ आहे, ते तू विचारशील तेव्हा सांगू’, हे पंधराव्या वर्षी सांगता येते, आणि त्यातला एकही शब्द विसाव्या वर्षी मागे घ्यावा लागत नाही. ‘रक्त कमी आहे’ हे मागे घ्यावे लागते. आणि सांगताना तिला बाहेरच्या बाकावर बसवू नये. आता अनेक चांगले डॉक्टर आईसमोर आणि मग आईवाचूनही मुलीशी बोलतात, असे ऐकतो. ही सुधारणा कायद्याने आणली नाही, त्या स्त्रियांच्या पत्रांनी आणि बोलण्याने आणली.

आणखी एक शंका विद्वानांकडून येते. स्त्रीचे स्त्रीत्व कशात, असा तत्त्वज्ञानाचा मोठा प्रश्न ते येथे उभा करतात. मला तो येथे फारसा उपयोगी वाटत नाही. स्त्रीत्वाची व्याख्या ठरेपर्यंत भाचीने का थांबावे? बीजांडकोश आहेत म्हणून ती स्त्री, की गर्भाशय नाही म्हणून उणी, असा काथ्याकूट करणारे आपण पुरुष आपल्या पुरुषत्वाची अशी अवयववार मोजदाद कधी करीत नाही. इतके म्हणून मी तो प्रश्न सोडून देतो.

भाचीने पुढच्या सुट्टीत मला एक काम सांगितले. ती फाइल घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आता नीट सांगा, एकेक शब्द.” आम्ही दोघे जेवणाच्या टेबलाशी बसलो. तीन पानांना अडीच तास लागले. काही शब्दांना मराठीत प्रतिशब्द नव्हते, काहींना होते पण ते ‘षंढी’च्या जातीचे होते, ते आम्ही दोघांनी टाकून दिले आणि साधे वाक्य करून लिहिले. मूत्रपिंडांची तपासणी त्यानंतरच्या आठवड्यात झाली. दोन्ही जागच्या जागी आहेत. २०२१ च्या कायद्याने सरोगसीचे नियम ठरले. पैशाच्या देवघेवीशिवाय कोणी दुसरी स्त्री गर्भ वाढवू शकेल, विवाहित जोडप्याला वैद्यकीय कारणासाठी ते करता येईल, वगैरे. तो तिने माझ्या आधी वाचला होता. दोन स्थळांना तिने स्वतःच सांगितले, तेही बोलणी पहिल्या भेटीपलीकडे गेल्यावर आणि मुलाला एकट्याला. एक निघून गेला. दुसऱ्याचे अजून चालू आहे, आणि त्याविषयी अधिक विचारण्याचा अधिकार मला नाही.

आक्का शेजारणींना अजूनही ‘पोरीला मंगळ आहे, म्हणून लांबतंय’ असेच सांगते. माझ्याच वरच्या युक्तिवादाप्रमाणे या बाबतीत तिच्यावर ठपका ठेवणे मला कठीण जाते, कारण शेजारणींचा त्या सत्याशी काही संबंध नाही. मंगळाला उगाच या भानगडीत ओढले, एवढे मात्र मी तिला बोलून दाखविले. ती म्हणाली, “त्याला काय होतंय? त्याला सवय आहे.”